मधले फूल कोणाचे?

बॅडमिंटनमध्ये मान एकेरीचा. ज्याला एकेरीत यश येत नाही तो दुहेरीकडे वळतो, असा समज आपल्याकडे रूढ आहे. हा समज किती उथळ आहे, हे आपल्या विदर्भातच, वर्ध्यात, जन्मलेल्या ज्वाला गुट्टा हिच्या कारकिर्दीवरून कळते.

ज्वालाचा जन्म ७ सप्टेंबर १९८३ चा. वडील तेलुगू भाषिक, आई मूळची चीनची. खेळाचे धडे तिने हैदराबादला एस. एम. आरिफ यांच्याकडे गिरविले. पुढे श्रुती कुरियनबरोबर तिने राष्ट्रीय दुहेरी विजेतेपद अनेक वर्षे राखले. व्ही. दिजूबरोबर मिश्र दुहेरीत २००९ साली जर्मनीतील बिटबर्गर स्पर्धा जिंकली. परंतु तिचे नाव खऱ्या अर्थाने जोडले गेले ते अश्विनी पोनप्पाशी.

दुहेरीचे मर्म काय, हे येथे पाहिले पाहिजे. दुहेरीचे मैदान २० फूट रुंद, म्हणजे एकेरीपेक्षा तीन फूट अधिक. मात्र सर्व्हिसची मागची हद्द अडीच फूट अलीकडे. म्हणून सर्व्हिस बहुधा आखूड, जाळीला लागून करावी लागते. हल्ल्याच्या वेळी एक भिडू पुढे व एक मागे, बचावात दोघे शेजारी. सर्वांत अवघड प्रश्न दोघांच्या मधोमध येणाऱ्या फुलाचा. ज्याचा फोरहँड मध्याकडे त्याने ते घ्यावे, हा सर्वसाधारण नियम. पण ज्वाला डावखुरी, अश्विनी उजवी. ज्वाला डावीकडे असली की दोघींचे बॅकहँड मध्याकडे. जागा बदलल्या की दोघींचे फोरहँड! नेहमीचा नियम येथे लंगडा पडतो. निर्णय सरावातूनच अंगी मुरवावा लागतो. ज्वाला जाळीजवळ चपळ, अश्विनीचा मागून येणारा स्मॅश जबर. एकीने जागा तयार करावी, दुसरीने घाव घालावा.

या मेळातून २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आले. २०११ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत दोघींनी कांस्यपदक मिळविले. प्रकाश पदुकोण यांच्या १९८३ च्या पदकानंतर या स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिलेच पदक. त्याच वर्षी ज्वालाला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गटातील तीनपैकी दोन सामने जिंकूनही, गुणांच्या हिशेबात केवळ एका गुणाने, उपांत्यपूर्व फेरी हुकली.

एवढे होऊनही २०१३ च्या इंडियन बॅडमिंटन लीगमध्ये महिला दुहेरीचा सामनाच ठेवला गेला नाही. लिलावात दोघींची मूळ किंमत ५० हजार डॉलरवरून निम्म्यावर आणली गेली. ज्वालाने याविरुद्ध उघडपणे आवाज उठविला. तिच्या स्पष्टवक्तेपणावर टीका झाली. पण माझ्या मते तो प्रश्न तिच्या एकटीच्या पैशाचा नव्हता. खेळाच्या एका संपूर्ण अंगाला दुय्यम ठरविण्याचा तो प्रश्न होता. दोघींनी मैदानावरही उत्तर दिले. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०१५ साली कॅनडा ओपनचे विजेतेपद!

मित्रहो, आम्हा भामरागडच्या मुलांना हे सारे जवळचे वाटावे असे आहे. येथे जाळी एक, रॅकेटी चार आणि खेळायला उभी दहा मुले-मुली; तेव्हा दुहेरी हाच आमचा नित्याचा खेळ. घरी कोणी माडिया बोलतो, कोणी तेलुगू, कोणी मराठी. मैदानावर ‘घे’ आणि ‘सोड’ या दोन शब्दांवर सर्वांचे भागते. यांतला ‘सोड’ हा शब्द शिकायला अधिक कठीण, कारण आपल्या आवाक्यातले फूल दुसऱ्यावर विश्वासून सोडावे लागते. ज्याला हे साधले त्याला दुय्यम खेळाडू कोणत्या तोंडाने म्हणावे?