जीपच्या मागील आसाचा अतिघट्ट नट

१९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपगाड्यांची जोडणी सुरू झाली. त्या घराण्यातील जुन्या गाड्या अद्यापही काही शेतांवर राबताना आढळतात. त्यांपैकी पुष्कळांच्या मागील आसाचे टोक निमुळते असून चाकाचा तुंबा त्यावर चावीने व एका मोठ्या नटाने जखडलेला असतो. ब्रेकच्या दुरुस्तीसाठी ड्रम काढावयाचा झाल्यास हा नट प्रथम सोडवावा लागतो.

नट घट्ट असणे इष्टच आहे. तो ढिला राहिल्यास चावी तुटते व आस झिजतो. परंतु नळी लावून बेसुमार आवळलेला आणि पुढे गंजलेला नट साध्या पान्यास दाद देत नाही. मग छिन्नी-घणाची आठवण होते. हा मोह टाळावा. आट्यांवर चुकून बसलेला एक घाव नवा आस घ्यावयास लावतो. गॅसच्या ज्योतीने नट तापविणेही धोक्याचे आहे. त्याने वंगण व ऑइल सील जळतात आणि आसाच्या पोलादाचे पाणी उतरते.

काम आदल्या सायंकाळी आरंभावे. स्प्लिट पिन काढावी, आटे तारेच्या ब्रशाने साफ करावेत व त्यांवर डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण सोडावे. सकाळी चाक जमिनीवर टेकलेले असतानाच पुढेमागे गुटके लावून एकाने पायब्रेक दाबून धरावा. जॅकवर उचललेल्या गाडीस असा जोर कदापि देऊ नये. जुन्या जीपच्या डाव्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे असत, हे ध्यानात ठेवून आसाच्या आट्यांची दिशाही डोळ्यांनी पाहून घ्यावी.

६० किलो वजनाच्या मनुष्याचा भार अर्ध्या मीटरच्या दांड्यावर ३० किलोग्रॅम-मीटर पीळ देतो. दीड मीटरच्या नळीवर तोच ९० होतो. मनुष्य बदलण्यापेक्षा दांडा बदलणे स्वस्त! मात्र नळीवर उड्या मारू नयेत. भार सावकाश द्यावा.

नट सुटताच तो पूर्ण काढू नये. दोन-तीन फेरे ढिला करून तसाच राहू द्यावा व मग पुलर लावावा. निमुळत्या टोकावरून तुंबा सुटतो तो एकदम उसळून. पुढे नट असल्यास तो तेथेच अडतो, नसल्यास समोरच्या माणसावर येतो.

परत बसविताना नट पुस्तिकेतील मापाने आवळावा. पिनेचे छिद्र खाचेशी जुळत नसल्यास नट पुढील खाचेपर्यंत आणखी आवळावा, मागे फिरवू नये. पिन नवीनच घालावी.