लाईट गेल्यावर पाणी कुठे जाईल?

ओंकार,

तुझा नकाशा मिळाला. वर माशांची चार फुटी टाकी, खाली तीन कप्प्यांचा संप. सुबक काढला आहेस, पण त्यातलं पाणी सदा वाहतंच आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीचा नकाशा पंप थांबल्यापासून काढायला घ्यावा. लाईट गेली, आता कुठलं पाणी कुठे जाईल?

माझ्या पहिल्या टाकीत वर येणाऱ्या पाईपचं तोंड मी पाण्यात वीतभर खाली सोडलं होतं. जूनमधल्या एका रात्री लाईट गेली आणि तोच पाईप उलटा पाणी ओढू लागला. सकाळी पाहिलं तर संप भरून वाहिलेला, हॉलभर खारं पाणी आणि खालचं प्लायवूडचं कपाट फुगलेलं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला होता, पण त्याच्या पडदीवर चुन्याची खर धरली होती. तो नीट मिटलाच नाही. तेव्हापासून माझी भिस्त उंचीच्या हिशोबावर, व्हॉल्व्हवर नाही.

तुझी टाकी १२० बाय ४५ सेंटिमीटर. पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर खाली येतात. वर येणाऱ्या पाईपचं तोंड पाच सेंटिमीटर खाली आहे, म्हणजे २७ लिटर. ओव्हरफ्लोच्या पेटीतलं आणि पाईपमधलं पाणी वेगळंच. ९० बाय ४० च्या संपात हे २७ लिटर पातळी साडेसात सेंटिमीटर चढवतात. संपाची उंची ४०, आणि तू पाणी ३४ पर्यंत दाखवलं आहेस. बेरीज करून बघ. पाणी २२ वर आण, तोंड दोनच सेंटिमीटर बुडेल असं ठेव, आणि पातळीच्या जरासं खाली पाईपला बारीक भोक पाड. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. त्या भोकात शेवाळ बसतं. दर आठवड्याला काडी घालून ते मोकळं करत जा.

उलटंही होतं. खाली उतरणाऱ्या पाईपच्या तोंडाशी एखादी गोगलगाय अडकली, तरी पंप वर पाणी ढकलतच राहतो. अशा वेळी परतीच्या, म्हणजे पंपाच्या शेवटच्या कप्प्यात असेल तेवढंच पाणी वर जाऊ शकतं, म्हणून तो कप्पा मोठा करू नकोस. २० बाय ४० चा कप्पा, २२ सेंटिमीटर पाणी: साडेसतरा लिटर. वरच्या टाकीत त्याचे सव्वातीन सेंटिमीटर होतात. काठाखाली पाच मोकळे ठेव. शिवाय उतरणारा दुसरा पाईप हवाच, पहिल्यापेक्षा थोडा उंच. पहिल्याला गेट व्हॉल्व्ह लाव आणि तो पाव-पाव वळसा फिरवत जा. पाईपमधली हवा संपली की गुडगुड एकदम थांबते, कानाला लगेच कळतं.

संपातून ताशी टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरलं तरी पुरे. प्रवाळांना लागणारी जोरदार हालचाल टाकीतल्या वेव्हमेकरने द्यायची असते. पंपाच्या खोक्यावरचा आकडा मात्र शून्य उंचीचा असतो. तुला पाणी साडेचार फूट चढवायचं आहे, तेव्हा त्या उंचीवरचा आकडा बघून पंप घे.

फेसातून घाण काढणारा स्किमर मधल्या कप्प्यात ठेव, म्हणजे कप्प्यांमधल्या काचेच्या उंचीमुळे तिथली पातळी हलत नाही. उडून गेलेल्या पाण्याची घट फक्त शेवटच्या कप्प्यात दिसेल. ती आरओच्या गोड्या पाण्यानेच भर. मीठ उडत नाही, मागेच राहतं. खारं पाणी ओतत राहिलास तर क्षार चढत जातील.

काचा चिकटवून सिलिकॉन पुरतं सुकलं की टाकी नळाच्या पाण्याने भरून ठेव, मीठ घालू नकोस. मी रविवारी येतो. दहा वेळा बटण बंद करू, मग उतरत्या पाईपवर हात धरून पाहू. फरशीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरून ठेव.

तुझा
मामा