रिव्हॉल्व्हर घेऊ की बंदूक, असं विचारणाऱ्यांसाठी

सोसायटीत कुणाचं घर फुटलं की थोड्याच दिवसांत माझ्याकडे कुणी ना कुणी येतं. कॉलेजात असताना मी वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर एअर रायफल चालवायला शिकले, आणि आमच्या आप्पांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं, या दोन गोष्टी मुलुंडच्या जुन्या मंडळींना ठाऊक आहेत. त्यामुळे प्रश्न ठरलेला असतो. "ताई, पिस्तूल बरं की रिव्हॉल्व्हर? की सरळ बंदूकच घेऊ?" बोरिवलीहून आलेल्या एका गृहस्थांना तर राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यासाठी रायफल हवी होती. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यावर गोळी झाडलीत तर बिबट्याआधी तुम्हीच पिंजऱ्यात जाल, एवढं सांगून मी त्यांना चहा दिला.

बाकीच्यांना मात्र नीट उत्तर द्यावं लागतं, म्हणून ते एकदा लिहूनच काढते.

आधी नेमाचं बोलू. अचूकता हवी तर रायफल, यात वादच नाही. ऑलिंपिकमध्ये एअर रायफल आणि एअर पिस्तूल दोन्ही १० मीटरवरूनच मारतात, छर्राही तोच ४.५ मिलिमीटरचा. पण रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि पिस्तुलाच्या लक्ष्यावर साडेअकरा मिलिमीटरचा. जगातले उत्तमोत्तम नेमबाज डोळ्यांसमोर ठेवून केलेले हे नियम आहेत. रायफलला खांदा, गाल आणि दोन्ही हात असा आधार मिळतो. स्पर्धेतलं पिस्तूल एका हातानं, हात लांब करून धरायचं. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे ही संजय चक्रवर्ती सरांच्या हाताखाली तयार झालेली पिढी. त्या रेंजवर आम्हा नवशिक्यांना छर्रा हातात मिळायच्या आधी नुसतं उभं राहायला, श्वास सोडायला आणि रिकाम्या रायफलचा घोडा दाबायला शिकवत. तेव्हा कंटाळा यायचा. नेम म्हणजे नव्वद टक्के हेच, हे पुढे कळलं.

दुसरं कारण साधं भूमितीचं आहे. नेम धरताना पुढची साइट मागच्या खाचेत बसवायची असते. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरवर या दोहोंत साधारण १२ सेंटिमीटरचं अंतर पडतं. तिथे साइट एक मिलिमीटर हलली, तर १० मीटरवर गोळी ८ सेंटिमीटर बाजूला जाते. रायफलवर हेच अंतर ७० सेंटिमीटर धरा. तेवढ्याच चुकीला गोळी जेमतेम दीड सेंटिमीटर सरकते. त्यात रिव्हॉल्व्हरचा घोडा, कुत्रा (म्हणजे मागचा हॅमर) मागे न ओढता नुसता दाबायचा म्हटलं, तर चांगलाच जड लागतो. बोटाला जोर लावला की नळी खाली झुकते. पिस्तुलाचा घोडा बहुधा हलका असतो, पण मॅगझिन काढलं तरी नळीत एक गोळी उरू शकते, आणि हे विसरल्यामुळे जगभर माणसं मेली आहेत. रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडलं की भरलेलं आहे की रिकामं ते डोळ्यांना दिसतं. नवख्या माणसाला या दोहोंतलं एक निवडायचंच असेल, तर मी रिव्हॉल्व्हर म्हणेन, ते याच एका कारणासाठी.

आपल्याकडे परवान्यावर मिळतं तरी काय? .३०३ आणि ९ मिलिमीटर ही निषिद्ध बोअर, सामान्य माणसाला बंद. उरतं ते .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .२२, .३१५ ची रायफल आणि बारा बोअरची बंदूक. आयुध निर्माणीनं २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून अर्धा किलो वजनाचं 'निर्भीक' आणलं, तेही .३२ चंच. आयात बंद झाल्यापासून जुन्या विलायती हत्यारांना लाखांत भाव येतो, म्हणून पुष्कळ जण आजोबांचं वेब्ली जपून ठेवतात. त्यांच्यासाठी एक सूचना. कुत्र्यापुढे अडसर नसलेल्या फार जुन्या रिव्हॉल्व्हरचा कुत्रा भरलेल्या काडतुसावर टेकलेला असतो. हातातून फरशीवर पडलं तर ते घोडा न दाबताही सुटू शकतं. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूत अभिनेता गोविंदा यांच्या बाबतीत जवळपास असंच घडल्याचं सांगितलं गेलं. बाहेरगावी निघायच्या गडबडीत परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना निसटलं आणि गोळी त्यांच्याच पायात शिरली. घरात चोर नव्हता, भांडण नव्हतं. भरलेलं हत्यार आणि घाई, एवढंच पुरलं.

आता घराच्या संरक्षणाकडे येते. इथे वर लिहिलेलं सगळं मोजमाप निकामी ठरतं.

आप्पांची पाच रस्त्याजवळ सराफीची छोटी पेढी होती. झवेरी बाजारातून माल घेऊन ते लोकलनं मुलुंडला येत, म्हणून त्यांनी परवाना घेतला. गरज खरी होती. पुढे पेढी बंद झाली, माल आणणं थांबलं, पण परवान्याचं नूतनीकरण चालू राहिलं आणि कपाटातलं रिव्हॉल्व्हर उशाशी आलं. वय सत्तरीपार, एका कानानं कमी ऐकू येई, आणि बातम्या पाहून पाहून मनात भीती बसलेली.

एके रात्री माझा धाकटा भाऊ सीप्झमधली दुसरी पाळी करून घरी आला. कंपनीची गाडी उशिरा सुटली होती. आईला उठवायला नको म्हणून त्यानं लॅचची किल्ली हळूच फिरवली, दिवाही लावला नाही. हॉलच्या दुसऱ्या टोकाला आप्पा उभे होते. "कोण?" त्यांनी विचारलं. भावाच्या कानात इअरफोन, त्याला ऐकूच गेलं नाही. आई उठून आली, तिनं ट्यूबलाइटचं बटण दाबलं, ट्यूब नेहमीप्रमाणे दोनदा फडफडून लागली, आणि आप्पांच्या दोन्ही हातांत धरलेलं रिव्हॉल्व्हर भावाला दिसलं. तो तिथेच खाली बसला. आप्पाही बसले. गोळी सुटली नाही, एवढंच.

दारापासून आप्पांपर्यंत फार तर बारा फूट. तिथे रिव्हॉल्व्हर काय, रायफल काय, पिस्तूल काय! इतक्या जवळून नेम चुकतच नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारते तो हत्याराचा नसतो. तुमच्या घरात रात्री उशिरा कोण येतं? पाळीवाला मुलगा, पहाटेच्या विमानानं येणारी मुलगी, आजीला सांभाळणारी बाई, दुधवाला? अंधारात त्यांच्या सावल्या चोरासारख्याच दिसतात.

दुसरा प्रश्न भिंतींचा. आपल्या फ्लॅटच्या आतल्या भिंती चार-साडेचार इंची, बेडरूमची दारं पोकळ फ्लश डोअरची, आणि खिडकीसमोर पंधरा-वीस फुटांवर दुसऱ्या इमारतीचं स्वयंपाकघर. .३२ ची गोळी असलं दार सहज ओलांडते. .३१५ ची रायफल तर मुळात मैदानावरचं हत्यार, शेकडो मीटरवर मारा करणारं. ती घाटकोपरच्या चाळीत किंवा अंधेरीच्या टॉवरमध्ये झाडायची म्हणजे गोळी कुणाच्या घरात जाऊन थांबेल याची जबाबदारी घ्यायची. बँकेच्या दाराशी दिसते ती बारा बोअर त्या मानानं जवळच्या पल्ल्याची. पण ती लांबीला एवढी की आपल्या पॅसेजमध्ये वळवताच येत नाही, आणि तिचे छर्रे पसरतात तेव्हा कोण मध्ये आहे ते बघत नाहीत.

तिसरी गोष्ट उपनगरात राहणाऱ्यांना तरी वेगळी सांगायला नको. घरफोडी बहुतेक वेळा बंद घरात होते. मे महिन्यात तुम्ही गावी गेलात, गणपतीला कोकणात गेलात की कुलूप तुटतं. तेव्हा रिव्हॉल्व्हर तुमच्या हातात नसतं, कपाटात असतं, आणि चोराला दागिन्यांहून मोठं घबाड मिळतं. घरात असताना एकट्या म्हाताऱ्यांवर हल्ला होतो, तेव्हा बहुधा बेल वाजलेली असते आणि ओळखीच्या माणसाला त्यांनीच दार उघडलेलं असतं. कुलपातलं हत्यार तिथे पोहोचत नाही. कुलपाबाहेर ठेवावं, तर ते नातवाच्या हातात पोहोचतं.

परवान्याचं हत्यार आपलं असलं तरी आपल्याच हातात राहील, याचीही खात्री नसते. ८ फेब्रुवारी २०२४ ला बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, त्यासाठी वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याचं नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. संरक्षणासाठी म्हणून ठेवलेलं.

आणि परवान्याबाहेर जाऊन जास्त ताकदीचं काही घ्यावं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी संजय दत्तचं प्रकरण पुन्हा वाचावं. १९९३ च्या जानेवारीत, दंगलींच्या दिवसांत, पाली हिलच्या घरी एके-५६ आली. कुटुंबाच्या जिवाला धोका होता, हा बचाव. घरात परवान्याची तीन शस्त्रं आधीपासून होतीच! टाडा न्यायालयानं २००७ मध्ये शस्त्र कायद्याखाली सहा वर्षांची शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं २१ मार्च २०१३ ला ती पाच वर्षांवर आणली, आणि येरवड्यातून तो सुटला २५ फेब्रुवारी २०१६ ला. त्या रायफलनं घरातल्या कुणाचं रक्षण केल्याची नोंद नाही.

"पण स्वसंरक्षणाचा हक्क आहे ना?" आहे. भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं त्याचीच. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडणाऱ्याच्या बाबतीत ४१ वं कलम हा हक्क जीव घेण्यापर्यंतही नेतं. मात्र ३७ वं कलम सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करता येणार नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातलीत तर गरज कसली होती, ते तुम्हालाच कोर्टात पटवून द्यावं लागेल. तोवर हत्यार जप्त आणि तुम्ही तारखांना.

एवढं ऐकूनही ज्यांना खरा धोका आहे, म्हणजे रोकड किंवा सोनं नेणारे व्यापारी, धमकी आलेली माणसं, त्यांनी कायदेशीर वाटेनं जावं. अर्ज पोलीस आयुक्तालयात, चौकशी स्थानिक पोलीस ठाण्याकडून. २०१६ च्या नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि हत्यार घरात सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र या गोष्टी आल्या आहेत. प्रमाणपत्राकडे कागद म्हणून बघू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनाऐवजी पाच वर्षं झाली आणि एका माणसाकडे तीनाऐवजी दोनच शस्त्रं राहू शकतात. निवडणूक लागली की ठाण्यातून हत्यार जमा करण्याचा निरोप येतो. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या, म्हणजे सूट न मिळालेल्यांचं 'संरक्षण' त्या वर्षातले कित्येक आठवडे ठाण्याच्या कपाटात होतं.

एअर गनचंही सांगते. ठराविक ताकदीखालच्या एअर गनला परवाना लागत नाही, म्हणून लोक कबुतरांसाठी ती घेतात आणि चोरालाही घाबरवता येईल म्हणतात. अंधारात समोरच्याला ती खरी बंदूकच वाटते, आणि त्याच्याकडे खरी असेल तर तो थांबणार नाही. छर्रा मुलाच्या डोळ्यात गेला तर डोळा जातो. ती रेंजवरच शोभते. नेमबाजीची हौस असेल तर रेंजवर या, मुलांना आणा. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं ते रायफलनंच.

घरासाठी माझा सल्ला रुक्ष आहे. बाहेरून भक्कम जाळीचा सेफ्टी डोअर, आतून साखळी, दारात कॅमेऱ्याची बेल, सोनं बँकेच्या लॉकरमध्ये, शेजाऱ्यांशी बोलणं चालू आणि फोनवर ११२. रात्री खटका ऐकू आला तर सगळ्यांनी एका खोलीत जावं, आतून कडी घालावी, दिवे लावावेत आणि आरडाओरडा करावा. आपल्या इमारतींत चोराला गर्दीचीच भीती जास्त.

आप्पा गेल्यावर रिव्हॉल्व्हर आम्ही ठाण्यात जमा केलं. मालक गेला की घरच्यांनी विनाकारण उशीर न करता ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायचं असतं. जमा करताना नोंदीपेक्षा काही काडतुसं कमी भरली. तिथल्या अंमलदारांनी समजून घेतलं, पण जबाब लिहून झाले, चकरा झाल्या. काडतुसं पुढे सापडली ती आप्पांच्या जुन्या सूटकेसच्या अस्तरात, आणि ती सूटकेस घेऊन भाचा बंगळुरूला निघायचा होता. विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये ती दिसली असती, तर सहारच्या ठाण्यात त्याची रात्र गेली असती.

तुमच्या घरात परवानाधारक वडील, काका, आजोबा असतील तर परवान्याची मुदत, काडतुसांची मोजदाद आणि किल्ली कुणाकडे असते, हे तिन्ही याच आठवड्यात त्यांना विचारा. वयाची ७० वर्षं झाली किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं असेल, तर ते हयातीतच वारसाच्या नावे करण्याचा अर्ज करता येतो. वारसाला नको असेल तर विक्रेत्याला देऊन परवाना रद्द करून घ्या. त्यांची सही आणि स्मरण दोन्ही शाबूत आहेत तोवर हे काम एका-दोन फेऱ्यांत होतं.