सोन्याचे मोल

इ. स. १७९९ सालची गोष्ट. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातील कॉनरॅड रीड नावाचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा एका रविवारी भावंडांसह ओढ्यावर मासे मारावयास गेला होता. ओढ्याच्या पात्रात त्यास एक पिवळसर, चकाकणारा दगड दिसला. दगड फार मोठा नव्हता, पण भलताच जड होता. त्याचे वजन सतरा पौंड, म्हणजे सुमारे पावणेआठ किलो भरले. मुलाने तो घरी आणला. वडील जॉन रीड यांनी तो जवळच्या गावातील एका चांदीकाम करणाऱ्या कारागिरास दाखविला. पण हा धातू कोणता, हे त्यासही सांगता येईना. अखेर वाऱ्याने दार आपटू नये म्हणून त्यास तो दगड टेकण लावू लागले. अशी तीन वर्षे गेली.

१८०२ साली रीड यांनी तो दगड फेएटव्हिल गावच्या एका जवाहिऱ्याकडे नेला. जवाहिऱ्याने किंमत विचारली, तेव्हा आपण भरपूर मागत आहो अशा समजुतीने रीड यांनी साडेतीन डॉलर सांगितले. जवाहिऱ्याने ते तत्काळ मोजून दिले. त्या सोन्याची खरी किंमत सुमारे ३,६०० डॉलर होती! पुढे रीड यांस सत्य उमगले. त्यांनी भागीदार घेऊन ओढ्याचा शोध आरंभिला. १८०३ साली पीटर नावाच्या गुलामास तेथे अठ्ठावीस पौंडांचा गोळा सापडला. गोळा शोधला पीटरने. परंतु तो स्वतःच दुसऱ्याच्या मालकीचा होता, मग सोने त्याचे कोठून होणार?

उत्तर कॅरोलिनातून ॲपलाचियन पर्वताच्या कडेने नैर्ऋत्येस गेले म्हणजे जॉर्जिया राज्याचा डोंगराळ प्रदेश लागतो. १८२८-२९ च्या सुमारास तेथेही सोने सापडल्याची वार्ता पसरली आणि हजारो माणसे तिकडे धावत सुटली. अशा झुंबडीस इंग्रजीत ‘गोल्ड रश’ म्हणतात. सोने काढण्याची रीत सोपी होती. नदीतील वाळू परातीत घ्यावयाची आणि पाण्यात हेलकावे देत धुवावयाची. हलकी वाळू वाहून जाई आणि जड सोन्याचे कण तळाशी राहत. आपल्याकडे सोनारांच्या दुकानांतील धूळ धुऊन सोन्याचे कण वेचणारा झारेकरी याच तत्त्वाने काम करतो.

परंतु हा डोंगराळ प्रदेश निर्जन नव्हता. तेथे चेरोकी नावाचे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. ते शेती करीत, घरे बांधून गावांत नांदत. सेक्वोया नावाच्या चेरोकी कारागिराने अनेक वर्षे खपून आपल्या भाषेसाठी लिपी तयार केली आणि १८२१ साली ती पूर्ण केली. त्यास स्वतःस इंग्रजी वाचता येत नव्हते, हे विशेष! थोड्याच वर्षांत हजारो चेरोकी लिहू-वाचू लागले. १८२७ साली त्यांनी आपली राज्यघटना केली आणि १८२८ साली न्यू एकोटा या राजधानीतून ‘चेरोकी फिनिक्स’ हे वृत्तपत्र सुरू केले.

चेरोकींच्या सुपीक जमिनीवर गोऱ्या वसाहतवाल्यांचा डोळा आधीपासूनच होता. सोन्याने त्या आगीत तेल ओतले. जॉर्जिया सरकारने आपले कायदे चेरोकी प्रदेशास लागू केले. स्वतःच्याच भूमीतील सोने काढण्यास चेरोकींना मनाई झाली. १८३० साली अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या कारकिर्दीत मूळ रहिवाशांना पश्चिमेकडे हलविण्याचा कायदा संमत झाला. १८३२ साली तर सरकारने चेरोकींच्या जमिनीचे तुकडे पाडून सोडत काढली. सोन्याच्या भागातील प्रत्येक तुकडा चाळीस एकरांचा होता. ज्यांनी ती भूमी कधी पाहिलीही नव्हती, असे लोक चिठ्ठी निघताच तिचे धनी झाले.

चेरोकींनी शस्त्र उचलले नाही. त्यांनी न्यायाचा मार्ग धरिला. जॉर्जियाचे कायदे चेरोकी प्रदेशात चालू शकत नाहीत, असा निर्णय १८३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. पण तो निर्णय कागदावरच राहिला. १८३५ साली काही थोड्या चेरोकींनी सारी भूमी सोडण्याच्या करारावर सह्या केल्या. प्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य चेरोकी यांस तो मान्य नव्हता. त्यांनी हजारो सह्यांचा अर्ज पाठविला; तोही व्यर्थ ठरला.

१८३८ साल उजाडले. त्या वर्षी सोन्याच्या प्रदेशातील डॅलोनेगा गावी सरकारी टांकसाळीत नाणी पडू लागली. ‘डॅलोनेगा’ हे नाव ‘पिवळे’ या अर्थाच्या चेरोकी शब्दावरून आले आहे. आणि त्याच वर्षी, ज्यांच्या भाषेतील हा शब्द, त्या चेरोकींना सैनिकांनी घरांतून बाहेर काढिले. सुमारे १६,००० माणसांना आजच्या ओक्लाहोमा राज्याकडे जवळजवळ हजार मैल नेण्यात आले. छावण्यांतील रोगराई, थंडी आणि उपासमार यांमुळे सुमारे ४,००० जण मृत्युमुखी पडले, असे मानतात. या प्रवासास ‘अश्रूंची वाट’ म्हणतात.

आणि सोने? ते फार काळ पुरले नाही. थोड्याच वर्षांत सहज हाती येणारे सोने सरत आले. १८४८ साली दूर पश्चिमेस कॅलिफोर्नियात सोने सापडताच जॉर्जियातील कित्येक खाणवाले तिकडे निघून गेले. १८६१ साली डॅलोनेगाची टांकसाळ बंद पडली.

ओक्लाहोमात गेलेल्या चेरोकींनी मात्र पुन्हा घरे उभारली, शाळा काढल्या, वृत्तपत्र छापले. सेक्वोयाची लिपी आजही तेथे लिहिली जाते. रीड यांस सोने ओळखता आले नाही, म्हणून त्यांची काही हजार डॉलरांची हानी झाली. जॉर्जियात धावत आलेल्यांना सोने अचूक ओळखता येत होते. ओळखता आली नाहीत ती माणसे. या दोहोंत मोठी चूक कोणाची?

स्वाध्याय

१. रीड यांच्या घरी सोन्याचा उपयोग कशासाठी होत होता? का?
२. वाळूतून सोने वेगळे करण्याची रीत आपल्या शब्दांत सांगा.
३. चेरोकी लोक प्रगत होते, हे पाठातील कोणत्या गोष्टींवरून दिसते?
४. ‘डोळा असणे’ आणि ‘आगीत तेल ओतणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
५. पाठाच्या शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आठ-दहा ओळींत लिहा.