खोट्या नावाचे खरे खेळाडू

२००८ साली बँकेनं मला सांगलीहून उचलून थेट तिरुविडैमरुदूरला टाकलं. तमिळचा गंध नाही. घरमालकाची दोन पोरं आणि त्यांचा जुना कॉम्प्युटर नसता, तर मी महिन्याभरात परतीचा अर्ज केला असता. त्या पोरांसोबत खेळत घालवलेल्या संध्याकाळांत शिकलो ते हे.

१. परक्या खेळाला नाकं मुरडू नयेत. थोरल्यानं कुंभकोणमहून आणलेल्या सीडीत 'क्रिकेट ०७'सोबत 'एमव्हीपी बेसबॉल २००५' निघाला. मी दिसेल त्या चेंडूवर बॅट फिरवायचो आणि तीनदा हुकून घरी. शेवटी धाकट्यानं पडद्यावर बोटच ठेवलं. पिचरच्या हातून सुटताना चेंडू क्षणभर रंगीत दिसतो, त्यावरून तो सरळ येणार की वळणार ते कळतं. "कलर, अंकल, कलर!" आमच्या दोघांच्या भाषेतला हा पहिला सामाईक शब्द.

२. नावालाही पैसे पडतात. बेसबॉलपटू बॅरी बाँड्स खेळाडूंच्या संघटनेच्या सामाईक करारात नव्हता. म्हणून या बेसबॉलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून 'जॉन डाउड' नावाचा कुणी षटकार ठोकायचा. 'क्रिकेट ०७'चा परवाना इंग्लंड-ऑस्ट्रेलियापुरता. आपल्या संघाची नावं मोडकीतोडकी. पोरांना ते फार लागायचं. पण बॅट धरण्याच्या ढबीवरून ती माणूस बरोबर ओळखायची.

३. "पुढच्या वर्षीचा घेऊ" म्हणू नये. हे दोन्ही खेळ काढणाऱ्या ईए कंपनीनं नव्वदच्या दशकात बेसबॉलचा 'ट्रिपल प्ले' काढला, २००३ ला त्याचा 'एमव्हीपी' केला. मग टेक-टू कंपनीनं मेजर लीग बेसबॉलशी करार करून बाकीच्या कंपन्यांना दार लावलं. ईए दोन वर्षं कॉलेजच्या बेसबॉलवर तगली, मग गाशा गुंडाळला. कन्सोल बनवणाऱ्यांना त्या करारातून सूट होती, म्हणून सोनीचा 'द शो' २००६ ला निघाला आणि टिकला. ईएचं क्रिकेटही ०७ वरच थांबलं.

४. कंपनीनं सोडला म्हणून खेळ मरत नाही. जगभरची हौशी मंडळी दोन्ही खेळांत नवे संघ, नवे कपडे, खरी नावं भरत बसली, तीही फुकट. (त्याच तिरुविडैमरुदूरात तंजावरचा अमरसिंह राजा राहिला. कंपनी सरकारनं १७९८ ला गादी काढून घेतली, तरी त्यानं तिथं आपला दरबार चालू ठेवला. त्याच्या महालावरून जाताना मला हटकून ते जुने खेळ आठवत.)

५. बदली झाली की पोरांचा नंबर घेऊन ठेवावा. थोरला आता नोकरीला लागलाय. मोबाइलवर क्रिकेट कुणाचं भारी, पुण्याचं 'रियल क्रिकेट' की चेन्नईचं 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप', यावर आमचं फोनवर भांडण चालतं. त्याच्या फोनमध्ये पुण्याचं आहे, माझ्यात चेन्नईचं.