पिकअप गेला, दोष कुठे?

चढावर गाडी रेंगाळू लागली की आपल्याकडे लगेच निकाल दिला जातो, ‘इंजिन बसलं!’ मग फिल्टर बदलतात, इंजेक्टर साफ होतात, पैसे जातात आणि गाडी होती तशीच राहते. अनेकदा इंजिन पूर्ण ताकद देत असते, पण ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. हा फरक ओळखणे हाच आजचा पाठ.

रचना

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक पॉवर स्ट्रोक येतो. म्हणजे ताकद धक्क्याधक्क्याने मिळते. शाफ्टच्या टोकावरचे जड फ्लायव्हील धक्क्याच्या वेळी ऊर्जा साठवते आणि मधल्या काळात परत देते, म्हणून इंजिन एकसारखे फिरते. त्याचे दुसरे काम पकडीचे. क्लच प्लेट एका बाजूने फ्लायव्हीलच्या सपाट पृष्ठभागाला आणि दुसऱ्या बाजूने प्रेशर प्लेटला घट्ट चिकटून असते. पेडल दाबले की पकड सुटते, सोडले की स्प्रिंग ती पुन्हा आवळते.

हिशेब

क्लच किती टॉर्क पेलेल, ते चार गोष्टींवर ठरते: घर्षणांक, स्प्रिंगचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. चौघांचा गुणाकार करा. उदाहरणार्थ, घर्षणांक ०.३, दाब ४,००० न्यूटन, त्रिज्या ०.०८५ मीटर आणि बाजू २ धरल्या तर उत्तर येते २०४ न्यूटन-मीटर. इंजिनाचा टॉर्क ११० असेल तर क्लच निर्धास्त आहे. आता ऑइल सील गळून प्लेटवर तेल आले आणि घर्षणांक ०.१५ झाला असे समजा. क्षमता १०२ वर येते. इंजिन तेच, पण पूर्ण जोर लावला की क्लच घसरणार.

घसरण म्हणजे उष्णता. १०० न्यूटन-मीटर टॉर्क जात असताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या वेगात मिनिटाला ५०० फेऱ्यांचा फरक पडला, तर सुमारे ५.२ किलोवॅट ताकद उष्णता होऊन जाते. घरातला गिझर साधारण २ किलोवॅटचा असतो. असे अडीच गिझर त्या बंद डब्यात चालू आहेत, असे समजा! या उष्णतेने लायनिंग जळते आणि फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक तडे किंवा वाक येतो.

शहरात आणि घाटात

रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिराजवळच्या अरुंद गल्ल्यांत, गाडी दर काही पावलांवर थांबते. रिक्षा पुढे सरकेपर्यंत हाफ क्लचवर गाडी रांगत ठेवली की प्लेट थोडी थोडी झिजते. ती झीज तिथे जाणवत नाही, कारण हळू चालताना इंजिनाचा पूर्ण टॉर्क लागतच नाही. तीच गाडी माणसे आणि सामान भरून जगदलपूरच्या वाटेवर केशकाल घाट चढू लागली की दोष उघडा पडतो. वळणावर, मागे ट्रक असताना गाडीने जोर सोडणे ही गैरसोय नव्हे, धोका आहे. सैनिकी ताफ्यात तर अशी एक गाडी मागच्या सगळ्यांना अडवते.

लक्षणे

१. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच आरपीएमचा काटा चढतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही: क्लच घसरतो आहे. आरपीएमच चढत नसेल तर इंजिन तपासा.

२. गाडी उचलताना थरथरते: फ्लायव्हीलचा पृष्ठभाग आणि प्लेटवरचे तेल पाहा. इंजिनाचे माउंटिंगही तपासा.

३. पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरत पडतो: क्लच पूर्ण सुटत नाही.

४. पेडल दाबल्यावरच घरघर येते: रिलीज बेअरिंगवर संशय घ्या.

दुरुस्ती

नुसती प्लेट बदलणे ही अर्धीच दुरुस्ती. वाकलेल्या किंवा डाग पडलेल्या फ्लायव्हीलवर नवी प्लेट पूर्ण टेकत नाही आणि लवकर जळते. म्हणून गिअरबॉक्स उतरवलेला असतानाच फ्लायव्हील पाहून घ्यावे. साधे, एकसंध फ्लायव्हील कंपनीने दिलेल्या मर्यादेत लेथवर सपाट करता येते. मोठे तडे असतील तर ते बदलावे. आत स्प्रिंग असलेले दुहेरी फ्लायव्हील खराब झाल्यास सहसा बदलावेच लागते. तेल आढळले तर आधी गळती बंद करावी, नाहीतर नवी प्लेटही तशीच वाया जाईल.

पालकांना एक विनंती: गॅरेजमध्ये जुनी प्लेट आणि फ्लायव्हील स्वतः पाहा, मुलांनाही दाखवा. कॅडेट्सनी परवान्याच्या वयापर्यंत बाजूच्या सीटवरून काटे वाचायला शिकावे. पुढे स्टिअरिंग हाती आले की डावा पाय पेडलवर विसावू देऊ नये आणि चढावर गाडी क्लचवर तोलून न धरता हँडब्रेक लावावा.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात घर्षणांक ०.२ झाला तर क्लच किती टॉर्क पेलेल? ११० न्यूटन-मीटरचे इंजिन तो घसरवेल का?

२. घसरणारा क्लच गल्लीत लपतो आणि घाटात दिसतो. कारण दोन वाक्यांत लिहा.