बाल्कांवाच्या घरात चार दिवस: आत्याचा कानमंत्र

पोरी, लेकराला आईपाशी ठेवून तुम्ही दोघं गोव्याला निघालात, तेही किनाऱ्यावरच्या गजबजलेल्या हॉटेलात न उतरता बार्देशातल्या एका जुन्या पोर्तुगीज वळणाच्या घरात, हे ऐकून बरं वाटलं. मुलांना मज्जाव असलेली, मोजक्या खोल्यांची ही घरं मला ठाऊक आहेत. हॉटेलांच्या हाउसकीपिंगमध्ये माझे केस पिकले आणि शेवटची वर्षं अशाच एका घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. म्हणून सांगते. सगळ्यात आधी एवढं ध्यानात ठेव: खोलीच्या भाड्यात पलंग, नाश्ता आणि पोहण्याचा तलाव येतो. शांतता तिथले पाहुणे एकमेकांना देतात. एक जोडपं बेफिकीर निघालं की सगळ्या घराची शांतता गेली.

खोली ठरवण्याआधी

फोन करून बोल. जाहिरातीतला फोटो बहुतेक सगळ्यात देखण्या खोलीचा असतो, आणि जुन्या घरातल्या दोन खोल्या कधी सारख्या नसतात. एखादी पूर्वीच्या दिवाणखान्यालगतची, एखादी कोठीची, एखादी परसात नव्यानं बांधलेली. ‘आम्हाला देणार ती नेमकी खोली व्हॉट्सॲपवर दाखवा,’ असं सरळ सांग.

खोलीला वर छत आहे का, हे विचार. जुन्या कौलारू घरांत दोन खोल्यांमधली भिंत पुष्कळदा कौलांपर्यंत जात नसे, वरून वारा खेळायचा. वाऱ्याबरोबर आवाजही खेळतो. दुरुस्ती करताना लाकडी छत घातलं असेल तर उत्तम, नसेल तर शेजारच्याचं घोरणं तुझ्याच उशाशी. वरच्या मजल्याची जमीन फळ्यांची असेल तर तिच्याखालची खोली घेऊ नकोस.

न्हाणीघराचंही विचार. ही घरं बांधली तेव्हा खोलीला लागून न्हाणीघर नसे, ते मागाहून बसवलेलं. त्यामुळे दारात अचानक पायरी लागते, नळाला गरम पाणी सावकाश येतं. जावईबापूंचा गुडघा दुखतो ना? मग तळमजला माग. जुने पलंगही उंच असतात, तेही बघ.

वयाची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी: कुठे बारा, कुठे सोळा, कुठे अठरा. तुझ्या नणंदेचा कॉलेजातला मुलगा ‘एक दिवस येऊन जातो’ म्हणाला तर मालकांना विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. आणि अठराव्या वर्षी खोली मिळाली तरी गोव्यात दारूसाठी वय एकवीस लागतं, म्हणजे त्याच्या पेल्यात सोलकढीच.

आणखी तीन प्रश्न. बागेत लग्नं, पार्ट्या होतात का? शेजारी बांधकाम चालू आहे का? सांगितलेल्या भाड्यात कर धरलाय का? रात्रीचं भाडं साडेसात हजारांवर गेलं की १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो बिलावर पाहून पुष्कळांचा चेहरा उतरतो.

कधी जावं, कसं पोचावं

नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत जाऊ नकोस. भाव चढलेले असतात आणि गावचे अरुंद रस्ते गाड्यांनी तुंबतात. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगाव नरकासुर उभे करतात, गाणी लावतात आणि पहाटे त्याला जाळतात. बघायला अवश्य जा, पण त्या रात्री झोपेची आशा धरू नकोस. एरवी रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्यांना बंदी आहे.

माझं ऐकशील तर पावसात जा. भाडं उतरलेलं, शेतं हिरवीगार, घरात पाहुणे कमी. मात्र पावसात लाकूड फुगतं, दारं-खिडक्या अडकतात, कपडे वाळत नाहीत आणि जाड भिंतींना ओलीचा वास येतो. त्यावरून मॅनेजरशी भांडू नकोस, जुन्या घराचा तो स्वभावच आहे. एक जादा जोडी कपडे ने आणि खिडकी न उघडल्यास जोर न लावता माणूस बोलाव.

गाडीनं गेलात तर बार्देशाला थिवी स्टेशन जवळ. करमळी पणजीसाठी, मडगाव सासष्टीसाठी. विमानानं गेलात तर २०२३मध्ये सुरू झालेला मोपाचा विमानतळ सोयीचा, दाबोळी लांब पडतो. रात्री उशिरा पोचणार असाल तर आधी कळवा. छोट्या घरात रात्रभर काउंटरवर माणूस नसतो. कुणीतरी तुमच्यासाठी जागं राहणार असतं, आणि सकाळी नाश्त्यालाही तोच उठणार असतो. दोघांचीही ओळखपत्रं वरच्या कप्प्यात ठेवा.

घर ओळखून वावर

भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड-दोन फूट जाड, वर चुन्याचा गिलावा. माठासारखा हा गिलावा ओल घेतो नि सोडतो, म्हणून आतून गार राहतं. त्याला चिकटपट्टी लावू नकोस, खिळा तर नाहीच नाही. त्याच जाड भिंती वाय-फाय अडवतात. जावईबापूंना ऑफिसची मीटिंग असेलच तर सिग्नल कुठे येतो ते पहिल्या दिवशीच विचारून घ्यायला सांग. आणि कानात इअरफोन घालून माणूस दुप्पट मोठ्यानं बोलतो, तेही त्यांना सांग.

खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या दिसतील, लाकडी चौकटींत ओळीनं बसवलेल्या. काच महाग होती तेव्हाची ही युक्ती: ऊन गाळून येतं आणि डोळ्यांना त्रास होत नाही. त्यांच्यावर बोट दाबून बघू नकोस, चकती तडकली तर ती बसवणारा कारागीर सहज मिळत नाही. तांबडा कोबा ओल्या पायांनी निसरडा होतो. तलावावरून आलीस की आधी पाय पूस. शिसवी खुर्चीवर ओला टॉवेल टाकलास तर लाकडावर पांढरा डाग उठतो. तो काढायला आमच्या मुलींना किती घासावं लागतं ते मी पाहिलंय.

दारापुढे पायऱ्या चढून आलीस की बाल्कांव लागेल: छप्पर असलेला ओटा, दोन्ही बाजूंना बांधीव बैठका. घरातल्या माणसांनी संध्याकाळी तिथे बसावं, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याशी चार शब्द बोलावे, यासाठीच तो बांधलेला. म्हणून कुणी गावकरी मान हलवून गेला तर तूही हलव. अंगणात खुरीस म्हणजे क्रूस असेल, किंवा घर हिंदू भाटकाराचं म्हणजे जमीनदाराचं असलं तर राजांगणात, म्हणजे आतल्या चौकात, तुळस असेल. काही घरांत आत देव्हाऱ्यासारखा छोटा ओरातोर असतो. तिथे पाय टेकून बसू नये, कपडे वाळत घालू नयेत, हे तुला वेगळं सांगायला नको.

घर कुणाचं, मालक कुठे असतात, अशी खोदून चौकशी करू नकोस. १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून तिथे मुलगा-मुलगी दोघांनाही वारसा सारखा. दोन-तीन पिढ्यांत एका घराला डझनावारी वाटेकरी होतात, कुणी मुंबईत, कुणी लिस्बनला. सह्या जमत नाहीत आणि कुलूप लागलेलं घर पावसात खचत जातं. जे उभं राहिलं त्याच्यामागे कुठल्यातरी घरात पुष्कळ वादावादी झालेली असते. मालक स्वतः बोलायला लागले तर मात्र कान देऊन ऐक. तशा गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत.

शांतता म्हणजे काय नाही

पहाटे इगर्जेची, म्हणजे चर्चची, घंटा वाजेल, कोंबडा आरवेल, गावची कुत्री एकमेकांना उत्तरं देतील. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येईल. त्याबद्दल तक्रार करू नकोस. उलट झोपमोड झालीच असेल तर उठून गरम पोय हा पाव घे, फाटकातच उभी राहून खा.

आपण काय करायचं? सुटकेस चाकांवर फरफटत न नेता उचल. दार हातानं धरून लाव. फोनचा आवाज बंद ठेव. तलावात उडी मारू नका, पायऱ्यांनी उतरा. नाश्त्याच्या टेबलावर दुसऱ्या जोडप्याशी एकदा हसून बोल आणि मग त्यांना सोड. ‘कुठले तुम्ही? मुलं किती?’ हे आपले मराठी प्रश्न तिथे विचारू नकोस. मुलांपासून चार दिवस लांब राहायला कुणी आलेलं असतं, आणि मूल नाही म्हणून कुणी मनातून दुखावलेलंही असतं. फोटो काढताना मागे दुसरं कुणी येत नाही ना, ते बघ.

खाण्याचं

लहान स्वयंपाकघर सकाळच्या बाजारावर चालतं. रात्री घरी जेवायचं असेल तर दुपारच्या आत सांग, मासा कोणता मिळाला ते विचार आणि तोच खा. तुमच्यात कुणाचा वार असेल तर तोही आदल्या दिवशी सांग. खतखतं, मुगागाठी, अळसांद्यांचं तोंडाक असं शाकाहारी जेवण गोव्यात झकास मिळतं, पण आयत्या वेळी मागितलंस तर पनीर पुढे येईल. उन्हाळ्यात गेलात तर हुर्राक ही काजूची दारू मिळते. ती गोडसर लागते म्हणून जावईबापू फसतील, तू लक्ष ठेव. फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. घ्यायची तर परवानाधारक दुकानातूनच.

बाहेर पडलीस तर

रोज एकच गोष्ट कर. शुक्रवार असेल तर सकाळी म्हापशाचा बाजार. एक दिवस तोर्ड्याचं गोव्यातल्या घरांवरचं संग्रहालय बघ. वास्तुरचनाकार जेरार्ड द कुन्हा यांनी ते जहाजाच्या आकाराचं बांधलंय, आणि ते पाहिलंस की तू राहतेस त्या घराची प्रत्येक कमान तुला ओळखीची वाटेल. सासष्टीत चांदरला जाणं झालं तर मिनेझिस ब्रागांझांचं घर बघ. तिथे घराचं हॉटेल झालेलं नाही, म्हणून आतल्या आयुष्याचा अंदाज येतो. पणजीच्या फोंतायन्यात गेलीस तर लोकांच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढू नकोस. तिथे माणसं राहतात. दुपारी एक ते चार पुष्कळ दुकानं बंद असतात, तेव्हा तूही आडवी हो.

निघताना

खोलीत काही मोडलं असेल तर स्वतः होऊन सांग. बक्षिसी एकाच्या हातात कोंबू नकोस, काउंटरवर पेटी असते तिच्यात टाक. नाश्ता वाढणारा दिसतो, चादरी धुणारी दिसत नाही. काही खटकलं असेल तर ते मॅनेजरला तोंडावर सांग, आणि तेही शेवटच्या दिवशी नको, पहिल्याच दिवशी सांग, म्हणजे खोली बदलून तरी देता येईल. घरी गेल्यावर इंटरनेटवर राग ओकून तुझी झोप परत येत नाही.

आणि लेकराला रोज एकदाच फोन कर, संध्याकाळी, फाटकाबाहेर जाऊन. तुझी आई सांभाळेल त्याला, तिनं तुला सांभाळलंय.